फॉरेन्सिकमध्ये येताय? आधी आपलं ऊन ओळखा

बीएस्सी फॉरेन्सिकला जायचं म्हणणाऱ्या मुलामुलींचे फोन येतात तेव्हा पहिला प्रश्न मृतदेहाच्या वासाचाच असतो. सहन होईल का? होतो. चार-पाच प्रकरणांनंतर नाक आपोआप जुळवून घेतं. मला जड गेली ती दुसरीच गोष्ट: माणूस किती दिवसांपूर्वी गेला, हे सांगणं.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. एमएस्सीला असताना मे महिन्यात एका पथकाबरोबर शिकाऊ म्हणून गेले होते. नाल्याच्या काठी, बाभळीखाली मृतदेह सापडला होता. चेहरा ओळखू येत नव्हता, एक हात कुत्र्यांनी ओढून नेला होता, आणि अंगावर उरलेली कातडी तपकिरी, वाजवली तर वाजेल इतकी कडक. अशी वाळलेली कातडी मी पुस्तकात कुजण्याच्या शेवटच्या टप्प्यांत वाचली होती. मी म्हणाले, "महिना-सव्वा महिना झाला असेल." पंच म्हणून उभे असलेले शेळ्या राखणारे एक काका म्हणाले, "मॅडम, एवढं जुनं नाही वाटत हे. आमची बकरी मेली तं मे मईन्यात आठ दिवसात अशीच वाळते." मी त्यांचं बोलणं कानाआड केलं.

शेजारच्या गावचा एक तरुण तेव्हा अकरा दिवसांपासून बेपत्ता होता. त्याच्या आईने कमरेचा काळा करदोडा आणि त्यातला तांब्याचा ताईत ओळखला. पण असे ताईत अनेकांकडे असतात, आणि माझा "महिना" तोवर तोंडोतोंडी पुढे गेला होता. दिवस जुळत नाहीत म्हणून तिला परत पाठवलं. डीएनएचा अहवाल यायला सात आठवडे लागले. मुलगा तिचाच होता.

या शास्त्रातल्या सगळ्यात मोठ्या माणसाचाही अंदाज असाच चुकला होता. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात मानववंशशास्त्रज्ञ विल्यम बास यांना उकरलेल्या कबरीतला एक देह दाखवला गेला. मांस अजून लालसर होतं. त्यांनी सांगितलं, मरून वर्षभर झालं असावं. तो निघाला कर्नल विल्यम शाय, अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४ च्या लढाईत पडलेला. लोखंडी बंद शवपेटी आणि देहाला लावलेली रसायनं यांमुळे तो टिकला होता. ११३ वर्षांची चूक. बास यांनी ती लपवली नाही. १९८१ च्या सुमारास नॉक्सव्हिलला विद्यापीठाच्या जागेत त्यांनी दान मिळालेले देह उघड्यावर, सावलीत, मातीखाली ठेवून रोज नोंदी घ्यायला सुरुवात केली. लोक तिला 'बॉडी फार्म' म्हणतात.

तिथल्या आणि नंतरच्या कामातून एक साधी गोष्ट हाती आली: देह दिवस मोजत नाही, उष्णता मोजतो. म्हणून रोजच्या सरासरी तापमानाची बेरीज करतात. आपल्याकडे मे महिन्यात कमाल ४५, किमान २९ धरलं तर सरासरी ३७. दहा दिवसांत बेरीज ३७०. डिसेंबरात २८ आणि १२ धरलं तर सरासरी २०, म्हणजे तेवढ्याच बेरजेला साडेअठरा दिवस. त्यात आपलं ऊन कोरडं. देह कुजायच्या आधीच वरून वाळतो, आतून मात्र अळ्या खात राहतात. तोच देह विहिरीत किंवा ओल्या मातीत असेल तर चरबीचा साबणासारखा पांढुरका थर होतो. कुजण्याच्या टप्प्यांचे परदेशी तक्ते जरूर शिका, पण ते जसेच्या तसे इथे लावू नका.

मी पुढच्याच उन्हाळ्यात काकांकडून एक मेलेली बकरी घेतली, आमच्या शेताच्या धुऱ्यावर ठेवली आणि कुत्री येऊ नयेत म्हणून भोवती बाभळीच्या काट्या लावल्या. माशा काही मिनिटांत आल्या. दुसऱ्या दिवशी पोट फुगलं, नाकातोंडात अळ्या वळवळत होत्या. आठव्या दिवशी मी कातडीवर बोट आपटलं आणि नाल्याकाठचाच तो आवाज आला. जमलं तर तुम्हीही हे करा, गावाला आणि घरच्यांना सांगून. सकाळ-संध्याकाळचं तापमान लिहा, फोटो काढा. पावसाळ्यात पुन्हा करा, सगळं वेगळं दिसेल.

अळ्यांच्या वयावरूनही किती दिवस झाले याचा अंदाज येतो, म्हणून त्या गोळा करताना सगळ्यात मोठ्या शोधा. बहुतेक वेळा त्याच सगळ्यात आधी आलेल्या असतात. त्यातल्या अर्ध्या अळ्या गरम पाण्यात बुडवून मग अल्कोहोलमध्ये ठेवा, थेट अल्कोहोलमध्ये टाकल्या तर काळ्या पडून आखडतात आणि लांबीचं माप चुकतं. अर्ध्या जिवंत ठेवा, हवा लागेल अशा डबीत. आजूबाजूच्या मातीतले माशांचे तपकिरी कोष विसरू नका. शेतात फवारणी झाली होती का, किंवा माणसाने कीटकनाशक घेतलं होतं का, हेही विचारा. अळ्यांची वाढ त्याने बदलते.

शिक्षणाचं थोडक्यात. नागपुरात शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे, बारावी सायन्सनंतर तिथे बीएस्सी करता येते. गांधीनगरचं राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ मोठं आहे. हाडांचीच ओढ असेल तर मानववंशशास्त्रात एमएस्सी करा. मात्र हे आधीच माहीत असू द्या: आपल्याकडे हाडांवरचं मत बहुतेक वेळा मेडिकल कॉलेजातले न्यायवैद्यक विभागाचे डॉक्टर देतात, निव्वळ मानववंशशास्त्रज्ञाच्या जागा थोड्या आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी फॉरेन्सिक तज्ज्ञ जाण्याची तरतूद आहे, राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. त्यामुळे माणसं लागणार आहेत.

आता मी एक दिवस कधीच सांगत नाही. "सात ते सोळा दिवस" असं लिहिते, आणि तापमान कुठल्या हवामान केंद्राचं घेतलं तेही. कुणी कितीही घाई केली तरी.

बॅगेत रेती चाळायची चाळणी ठेवा. मनगट, तळहात आणि बोटं मिळून सत्तावीस हाडं असतात, काही वाटाण्याएवढी. त्या दिवशी ओढून नेलेल्या हाताची आम्ही आठ उचलली आणि ऊन फार झालं म्हणून निघालो. अहवाल आल्यावर आईच्या ताब्यात गाठोडं देताना तिने विचारलं, "पुरा हाय का तो?" मी दुसऱ्या दिवशी चाळणी घेऊन काकांबरोबर नाल्यावर गेले. पावसाळा लागला होता. बाभळीच्या मुळांपर्यंत पाणी चढून गेलं होतं, आणि जिथे आम्ही चाळायला हवं होतं तिथे नवा गाळ साचला होता.