हलके अलॉय व्हील घेताना या चुका टाळा

चाक हलकं झाल्याचा फरक कळायला रेसट्रॅक लागत नाही. चोर्ला घाटातल्या लागोपाठच्या दोन वळणांत स्टीअरिंग लवकर ऐकतं आणि उखडलेल्या डांबरावर टायर रस्ता धरून राहतो. चाक, टायर आणि ब्रेक डिस्क यांचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं. प्रत्येक खड्ड्यात ते वर उसळतं आणि शॉक अ‍ॅब्झॉर्बरला आवरावं लागतं. ते जितकं कमी, तितकं आवरणं सोपं. पण बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी पट्ट्यातल्या रस्त्यांवर नुसतं हलकं चाक पुरत नाही. ते भार पेलणारं, योग्य मापाचं आणि हबवर (गाडीच्या ज्या भागाला चाक बोल्टने बसतं त्यावर) नीट बसणारं हवं. बहुतेकांचं चुकतं ते या तीन गोष्टींतच.

वजन विचारलं, लोड रेटिंग विचारलंच नाही

दुकानात पहिला प्रश्न असतो, "किती किलोचं आहे?" त्याआधी विचारायचा प्रश्न, "किती किलो पेलतं?" चांगल्या चाकाच्या मागच्या बाजूला, स्पोकवर किंवा हबच्या पॅडवर लोड रेटिंग ओतलेलं किंवा कोरलेलं असतं: ५६०, ६००, ६९० किलो असं. दाराच्या खांबावरच्या प्लेटवर किंवा मॅन्युअलमध्ये प्रत्येक अ‍ॅक्सलचा कमाल भार दिलेला असतो. त्यातला मोठा आकडा घ्या आणि दोनाने भागा. १,०८० किलो असेल तर एका चाकाला ५४० किलो. हे किमान झालं. आपल्याकडचे खड्डे पाहता ६००च्या खाली जाऊ नये. रेटिंग कुठेच लिहिलेलं नसेल, तर ते चाक कितीही देखणं असलं तरी परत ठेवा. जपानी जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए ही चाकाच्या चाचणीची चिन्हं किंवा भारतीय मानक आयएस १६१९२ चं आयएसआय चिन्ह शोधा. नक्कल करणारे जेडब्ल्यूएलची अक्षरंही ओततात, म्हणून चिन्हासोबत बिल आणि उत्पादकाचा मॉडेल नंबर जुळतो का तेही पाहा.

हलकेपणा येतो कुठून हे बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. साध्या ग्रॅव्हिटी कास्टिंगमध्ये वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम स्वतःच्या वजनाने साच्यात उतरतं. आत बारीक छिद्रं राहण्याची शक्यता जास्त, म्हणून भिंत जाड ठेवावी लागते आणि चाक जड होतं. लो प्रेशर कास्टिंगमध्ये धातू खालून दाबाने भरतात, त्यामुळे तो जास्त घट्ट बसतो. फ्लो फॉर्मिंगमध्ये आधी चाक ओततात, मग ते तापवून फिरवत रोलरने बॅरल, म्हणजे टायर बसतो तो नळकांड्यासारखा भाग, दाबून लांबवतात. त्यामुळे बॅरल पातळ आणि चिवट होतं, पण समोरचा चेहरा ओतीवच राहतो. घडीव म्हणजे फोर्ज्ड चाक ६०६१ सारख्या मिश्रधातूच्या ठोकळ्यावर हजारो टनांचा दाब देऊन करतात आणि मग संगणकाने चालणाऱ्या सीएनसी यंत्रावर कातून काढतात. हत्तरगीच्या एसईझेडमध्ये विमानांचे भाग घडवतात त्याच जातीचं हे काम.

१७ इंची, साडेसात इंच रुंद चाक धरलं तर साधं ओतीव साधारण ९ ते साडेदहा किलो, फ्लो फॉर्म्ड ८ ते साडेआठ आणि घडीव साडेसहा ते साडेसात किलो भरतं. "फोर्ज्ड आहे" म्हणून साडेनऊ किलोचं चाक पुढे केलं, तर काहीतरी गडबड आहे. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा या कामाला पुरतो. चाक टायरशिवाय त्यावर ठेवा आणि उलटं करून पाहा. घडीव चाकाच्या मागे कातकामाच्या बारीक, एकसारख्या रेघा दिसतात. ओतीव चाकाच्या मागे खरखरीत कातडी आणि साच्याच्या खुणा असतात.

खड्ड्यात दोन्हींचं वागणं वेगळं असतं. घडीव चाक बहुधा वाकतं. स्वस्त ओतीव चाकाला चीर जाते. वाकलेलं चाक हवा सोडतं किंवा स्टीअरिंग थरथरवतं, म्हणजे निदान सांगतं तरी. चीर आतल्या बाजूला असली की बराच काळ कळत नाही.

हलकं म्हणून घेतलं, पण दोन इंच मोठं

ही चूक सगळ्यात जास्त दिसते. फोक्सवॅगन व्हर्टस जीटीचा २०५/५५ आर१६ टायर घ्या. त्याची बाजूची भिंत साधारण ११३ मिमी आणि बाहेरचा व्यास सुमारे ६३२ मिमी. १८ इंची चाकावर २२५/४० टायर चढवला तर व्यास ६३७ मिमी, म्हणजे स्पीडोमीटरला फरक जवळपास शून्य. भिंत मात्र ९० मिमी उरते. खड्डा आणि रिम यांच्यामधली गादी २३ मिमीने गेली. नोव्हेंबरपासून ऊसाच्या ट्रॉल्या धावू लागल्या की रस्त्याच्या कडा तुटतात. गावाच्या तोंडाशी पट्टे न मारलेले गतिरोधक तर बारमाही आहेत. तिथे ही २३ मिमीच रिम वाचवते. शिवाय रिमचा काठ केंद्रापासून दूर गेला की तेवढ्याच वजनाला फिरवायला जास्त जोर लागतो. एक किलो वाचवून दोन इंच वाढवले तर हाती काही येत नाही. आमचं मत स्पष्ट आहे: या भागात कंपनीच्या मापाचंच चाक घ्या, फार तर एक इंच वाढवा. ब्रेक मावत असतील तर एक इंच कमी करणं त्याहून चांगलं.

मावतात का हे कॅटलॉगवरून ठरवू नका. टायर न चढवता चाक हबवर लावा, हाताने फिरवा आणि कॅलिपर (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) व स्पोक यांच्यात ३ मिमी तरी मोकळी जागा आहे का पाहा. बॅलन्सिंगची चिकटवजनं आतून कॅलिपरसमोर येणार असतील तर त्यांची जाडीही धरा.

पीसीडी, ऑफसेट आणि मधलं भोक

पीसीडी म्हणजे बोल्टच्या भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास; ५×११४.३ म्हणजे पाच भोकं, ११४.३ मिमी. ५×११४.३ चं चाक ५×११२ च्या गाडीला "बसवून देतो" म्हणणाऱ्याकडून गाडी परत घ्या. फरक २.३ मिमीचाच, पण बोल्ट तिरका बसतो, त्याच्यावर आडवा ताण येतो आणि तो सैल होतो किंवा तुटतो. प्रत्येक बोल्ट शेवटपर्यंत हाताने फिरला पाहिजे.

ऑफसेट म्हणजे ईटी: चाकाची हबला टेकणारी बाजू रुंदीच्या मध्यरेषेपासून किती मिमी बाहेरच्या अंगाला आहे ते. याचं गणित एकदा करून पाहा. जुनं चाक ७ इंच रुंद, ईटी४५. नवं ८ इंच, ईटी३५. रुंदी एक इंच वाढली म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७ मिमी. ऑफसेट १० मिमी कमी झाला म्हणजे चाक तेवढं बाहेर सरकलं. बाहेरच्या बाजूला २२.७ मिमी वाढ आणि आत फक्त २.७. टायर मडगार्डबाहेर डोकावतो, पाठीमागे दोघं बसली की मडगार्डला घासतो, व्हील बेअरिंगवर भार वाढतो आणि खड्ड्यात स्टीअरिंग हातातून ओढलं जातं. बाहेर आलेल्या टायरवरून वाहतूक पोलीस अडवतात ते वेगळंच. चाक बदलल्यावर विमा कंपनीलाही लेखी कळवा.

मधलं भोक हा बारीक मुद्दा वाटतो, पण कंपनाच्या बऱ्याच तक्रारी इथूनच येतात. फोक्सवॅगन-स्कोडाचा हब ५७.१ मिमीचा असतो. बाजारातल्या अनेक चाकांचं भोक ७३.१ मिमी असतं, म्हणजे चहूबाजूंनी ८ मिमी फट. ती हब रिंगने भरायची. प्लॅस्टिकची रिंग स्वस्त पडते, पण घाट उतरताना ब्रेक तापले की मऊ होते. अ‍ॅल्युमिनियमचीच घ्या. व्हर्निअरने हब आणि भोक दोन्ही मोजा.

बोल्ट: सगळ्यात स्वस्त, सगळ्यात दुर्लक्षित

कंपनीचे बोल्ट नव्या चाकाला चालतीलच असं नाही. फोक्सवॅगन गटाच्या बोल्टचं बूड गोल असतं, आर१३, म्हणजे १३ मिमी त्रिज्येचं. मर्सिडीजचं आर१४. बाजारातली बहुतेक चाकं ६० अंशांच्या शंकूची असतात. गोल बूड शंकूत फक्त एका वर्तुळरेषेवर टेकतं. टॉर्क पाना "क्लिक" करतो, पण पकड खोटी असते. बोल्टच्या बुडावर आणि चाकाच्या बैठकीवर मार्करचा रंग लावून एकदा घट्ट करा व सोडा. रंग सगळीकडून सारखा पुसला गेला असेल तर बैठक जुळली.

लांबीही मोजा. एम१४×१.५ (१४ मिमी जाड, १.५ मिमी अंतराच्या आट्यांच्या) बोल्टला हबमध्ये किमान साडेसात फेरे मिळाले पाहिजेत, एम१२×१.५ ला साडेसहा. फार लांब बोल्टही नको, तो मागे जाऊन ब्रेकच्या भागांना लागतो.

हवेच्या गनने आवळू नका. गाडी जॅकवर असताना बोल्ट ताऱ्याच्या क्रमाने हाताने बसवा, चाक जमिनीला टेकवा आणि मग टॉर्क पाना वापरा. व्हर्टसला १२० न्यूटन-मीटर, पोर्शे ७१८ ला १६०, २०१५ नंतरच्या मस्टँगला २०४. आट्यांना ग्रीस लावू नका, त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. हबच्या तोंडावरचा गंज मात्र वायर ब्रशने काढा आणि मधल्या काठाला अगदी पातळ कॉपर पेस्ट लावा, नाहीतर पावसाळ्यानंतर चाक हबला चिकटतं. ५० ते १०० किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासा.

बसवल्यावर थरथर येत असेल तर

८० ते ११० च्या वेगात स्टीअरिंग थरथरत असेल तर आधी हब रिंग, मग बॅलन्सिंग, मग वाकलेली रिम, याच क्रमाने पाहा. फक्त ब्रेक मारल्यावर थरथरत असेल तर बहुधा दोष डिस्कचा आहे किंवा बोल्ट असमान आवळलेत. चाकं खोलायची घाई नको.

पावसाळ्यात कालपर्यंत ठीक असलेली गाडी अचानक थरथरू लागली तर आधी बॅरलच्या आत हात घालून पाहा. खानापूरकडची तांबडी माती किंवा गोकाक-अथणीकडची काळी माती एका बाजूला चिकटून वाळते. शंभर-दीडशे ग्रॅमचा गोळा बॅलन्सिंग पार बिघडवतो. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने मागून धुवा, तेवढ्याने काम होतं.

जोरदार खड्डा बसल्यावर चाक काढून आतला काठ तपासा. शंका असेल तर डाय पेनिट्रंट करून घ्या. हे काम उद्यमबागेतल्या तपासणीवाल्यांच्या रोजच्या हातचं आहे. भाग स्वच्छ करतात, लाल रंग फवारून दहा मिनिटं थांबतात, पुसतात आणि वर पांढरा डेव्हलपर मारतात. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. किंचित वाकलेला काठ जाणकाराकडून सरळ करता येतो. पण चिरेवर वेल्डिंग करून घेऊ नका. उष्णतेने आजूबाजूच्या धातूचं टेम्परिंग जातं आणि नवी चीर वेल्डच्या शेजारून सुरू होते. असं चाक भंगारात द्या, तेही काठ कापून, म्हणजे रंग मारून ते दुसऱ्याच्या गाडीला लागणार नाही.