माध्यमिक शाळेचे वर्षभराचे उपक्रम कसे आखावेत

जूनच्या मध्यावर शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात शिक्षक-सभेत वार्षिक नियोजनाचा विषय निघतो आणि बहुतेक ठिकाणी गेल्या वर्षीचा तक्ता पुढे ठेवून त्यातील तारखा तेवढ्या बदलल्या जातात. या कामाला त्याच आठवड्यात आणखी दोन-तीन तास दिले, तर पुढची वर्षभराची धावपळ निम्म्याने कमी होते आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एरवी कोणत्याच कार्यक्रमात न दिसणारी मुले पुढे येतात. नाशिकमध्ये शाळेचा सांस्कृतिक विभाग अनेक वर्षे सांभाळताना जी पद्धत हळूहळू बसत गेली, ती येथे सांगते आहे. पाचवी ते दहावीची, दोन-तीन तुकड्यांची शाळा डोळ्यांसमोर आहे.

तारखांआधी नावे

पहिले काम तक्त्याचे नव्हे, वहीचे आहे. एक दोनशे पानी मोठी वही घ्यावी आणि प्रत्येक तुकडीला समोरासमोरची दोन पाने द्यावीत. डावीकडे हजेरीपटाच्या क्रमाने सगळ्यांची नावे लिहावीत आणि पुढे परिपाठ, मैदान, रंगमंच, विज्ञान, हस्तलिखित व भित्तिपत्रक, आणि सेवा असे सहा रकाने आखावेत. सेवेच्या रकान्यात पाहुण्यांचे स्वागत, बैठकव्यवस्था, वृक्षारोपणानंतर रोपांना पाणी घालणे, ग्रंथालयातील पुस्तकांना कव्हर घालणे अशी सगळी कामे येतात. मूल ज्या उपक्रमात प्रत्यक्ष सहभागी झाले, त्या रकान्यात वर्गशिक्षकाने तारीख लिहावी. नुसती खूण करू नये, कारण तारखेवरूनच पुढे कळते की एखाद्याला जुलैनंतर कोणी विचारलेलेच नाही.

ही वही मी पहिल्यांदा भरली ती एका शाळेत, तीही वर्ष अर्धे संपल्यावर, जुन्या सूचना आणि छायाचित्रे पाहून. नववीच्या एका तुकडीत त्याच आठ-दहा नावांपुढे सगळे रकाने भरलेले होते आणि खाली जवळजवळ पानभर नावे कोरीच होती. त्यात दिंडोरीच्या बाजूच्या गावाहून एसटीने येणारी एक मुलगी होती. तिचे अक्षर सुरेख होते आणि कविता पाठ असायच्या, पण आमचा प्रत्येक सराव शाळा सुटल्यावर असे, आणि शाळा सुटताच तिला स्थानक गाठावे लागे. ती गाडी चुकली तर घरी पोहोचायला रात्र होई. तिने कधी नकार दिला नव्हता, आम्हीच तिला शक्य नसलेली वेळ ठरवत होतो. त्या वर्षीचे हस्तलिखित मधल्या सुट्टीत आणि चित्रकलेच्या तासाला लिहून घेतले, आणि त्याची निम्मी पाने तिच्या हातची आहेत.

म्हणून तारखा ठरवण्याआधी प्रत्येक तुकडीतील एसटीने किंवा शेअर रिक्षाने येणाऱ्या मुलांची यादी करून घ्यावी आणि सरावाचा मोठा भाग शाळेच्या वेळेतच बसवावा. शनिवारची सकाळची शाळा यासाठी सर्वांत सोयीची असते. शेवटचे दोन तास आलटून पालटून वेगवेगळ्या विषयांचे जातील असे वेळापत्रक पर्यवेक्षकांकडून मागून घेतले, तर एकाच विषयाचे नुकसान होत नाही आणि त्या विषयाच्या शिक्षकांची तक्रारही राहत नाही.

तक्ता भरताना कोठे अडते

आता तक्ता. शासनाच्या परिपत्रकांनुसार साजरे करावयाचे दिवस पुष्कळ असतात, पण ते सगळे सारख्याच थाटात करण्याची गरज नाही. बहुतेक दिवस परिपाठातील दहा मिनिटांत नेटके होतात. मोठे म्हणून चार-पाचच निवडावेत आणि निवडताना त्या तारखेला शाळेत आणखी काय चालू असते, हे आधी पाहावे.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण २७ फेब्रुवारीचे. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणजे मराठी भाषा गौरव दिन, नाशिकच्या शाळेला विशेष जवळचा असणे स्वाभाविक आहे. परंतु त्या सुमारास दहावीची लेखी परीक्षा चालू असते, आणि शाळा परीक्षा केंद्र असेल तर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, वर्गखोल्या मोकळ्या नसतात आणि निम्मे शिक्षक पर्यवेक्षणावर असतात. अशा वेळी उरकून टाकलेला कार्यक्रम कोणालाच समाधान देत नाही. त्यापेक्षा काव्यवाचन, ग्रंथदिंडी, हस्तलिखिताचे प्रकाशन हे सगळे १४ ते २८ जानेवारी या मराठी भाषा संवर्धन पंधरवड्यात घ्यावे आणि २७ फेब्रुवारीला प्रत्येक वर्गात एका मुलाने एक कविता उभे राहून वाचावी, एवढेच ठेवावे. आठवीच्या मुलांना पंधरवड्यात एक दिवस सार्वजनिक वाचनालयात नेता आले तर अवश्य न्यावे. १८४० साली स्थापन झालेली ही संस्था आपल्याच शहरात आहे, पण तिच्या दारातून आत न गेलेली मुले प्रत्येक वर्गात भेटतात.

१५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाचेही असेच होते, कारण तो अनेकदा प्रथम सत्र परीक्षेच्या आसपास येतो. तेव्हा परीक्षेच्या पेपरनंतर मुलांना थांबवून भाषणे ऐकवण्याऐवजी दिवाळीच्या सुट्टीत वाचण्यासाठी प्रत्येकाला एक पुस्तक घरी द्यावे आणि सुट्टीनंतर त्यावर वर्गात बोलायला लावावे.

आठवीच्या शिक्षकांनी डिसेंबरकडे लक्ष ठेवावे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतील हुशार मुलांसाठीच्या एनएमएमएस या केंद्रीय शिष्यवृत्तीची परीक्षा गेली काही वर्षे डिसेंबरच्या उत्तरार्धात होत आहे आणि नेमके त्याच वेळी स्नेहसंमेलनाचे सराव जोरात असतात. या शिष्यवृत्तीतून निवड झालेल्या मुलाला नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ज्या घराचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आहे, त्या घरासाठी ही रक्कम लहान नाही. परीक्षेला बसणाऱ्या मुलांना संमेलनातील मोठ्या भूमिका देऊ नयेत, मात्र त्यांना वगळूही नये. निवेदन किंवा समूहगीत यांसारखा कमी सरावाचा भाग त्यांच्यासाठी राखून ठेवावा.

विज्ञानाच्या बाबतीत एक व्यवहाराची गोष्ट सांगते, कारण ती नेहमी राहून जाते. मुलांच्या नव्या वैज्ञानिक कल्पनांना पाठबळ देणाऱ्या केंद्र सरकारच्या इन्स्पायर मानक योजनेत निवड झालेल्या मुलाला नमुना तयार करण्यासाठी १०,००० रुपये मिळतात आणि ते त्याच्या बँक खात्यात जमा होतात. खाते नाही किंवा आधारवरील नाव आणि शाळेच्या रजिस्टरमधील नाव यांत एका अक्षराचा फरक आहे, अशा कारणांनी धावाधाव होते. लिपिकांच्या मदतीने ही तपासणी जुलैतच करून घ्यावी. कल्पना कोणाच्या पाठवायच्या हे विज्ञानशिक्षकाने एकट्याने ठरवू नये. प्रत्येक वर्गात एक तास मुलांना ‘घरात किंवा शेतात रोज अडणारे काम’ या विषयावर लिहायला लावावे. द्राक्षबागेत फवारणी करणाऱ्या वडिलांसोबत राहणाऱ्या मुलाला जे सुचते, ते आपल्याला सुचत नाही.

मैदानी स्पर्धांचे अर्ज पावसाळ्यातच भरावे लागतात. शालेय क्रीडा स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात, त्यामुळे जन्मतारखेचे पुरावे जूनमध्येच एका फायलीत लावून ठेवावेत. क्रीडादिनी, २९ ऑगस्टला, परिपाठात बाहेरची उदाहरणे शोधण्याची गरज नाही. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवणारी कविता राऊत आपल्याच जिल्ह्यातील सावरपाड्याची आहे, आणि आदिवासी पाड्यांवरून आलेल्या आपल्या मुलींनी ते ऐकलेच पाहिजे.

पालकांना केव्हा आणि कसे बोलवावे

पालक-शिक्षक संघाची सभा शाळेच्या सोयीने ठेवली की पहिल्या दोन रांगाच भरतात. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत पाळीने काम करणारे पालक असतील, तर त्यांची साप्ताहिक सुट्टी आणि पाळी बदलण्याची वेळ आधी विचारून घ्यावी. निफाड-दिंडोरीकडील शेतकरी पालक ऑक्टोबरमध्ये छाटणीत आणि जानेवारीनंतर द्राक्षांच्या काढणीत गुंतलेले असतात, त्यांना जुलै-ऑगस्टमधील सभा बरी पडते. दोन वेगवेगळ्या वेळांना तीच सभा दोनदा घेतली तरी चालते. शिक्षकांना एक तास जास्त द्यावा लागतो, पण एरवी कधीच न येणारे वडील त्या दिवशी मुलाच्या बाकावर बसून वही चाळताना दिसतात.

सभेत नुसता तक्ता वाचून दाखवू नये. संघाचे उपाध्यक्षपद पालकांकडे असते, तेव्हा तक्ता त्यांच्या हाती देऊन त्यांनाच मांडायला सांगावे, आणि प्रत्येक उपक्रमापुढे ‘मदत कोण करील’ असा रकाना रिकामा ठेवावा. शाडूच्या गणपतीच्या कार्यशाळेला मूर्तिकाम येणारे काका, आरोग्य तपासणीला परिचारिका असलेली आई, विद्युत जोडणी तपासायला वायरमन असलेले वडील असे हात याच सभेत मिळतात. ज्यांना पैसे देता येत नाहीत, त्यांनाही काही देता येते हे त्या कागदावर दिसले पाहिजे. सभेचे इतिवृत्त त्याच आठवड्यात लिहून फलकावर लावावे.

सूचना लिहिताना एक काळजी घ्यावी. ‘सर्व विद्यार्थ्यांनी वेळेवर उपस्थित राहावे’ या वाक्यातून पालकाला काहीच कळत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘शनिवारी सकाळी साडेसातला शाळेच्या फाटकापाशी यावे. गणवेशच घालावा, नवा पोशाख लागणार नाही. डबा आणि पाण्याची बाटली आणावी. साडेअकराला कार्यक्रम संपेल, त्यानंतर मूल कोणासोबत घरी जाणार हे खालच्या ओळीत लिहून सही करावी. या कार्यक्रमासाठी कोणतीही वर्गणी नाही.’ पोशाख आणि पैसा यांबद्दलची ही दोन वाक्ये पुष्कळ घरांत संध्याकाळचा ताण कमी करतात. सूचना व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकली तरी वहीतही लिहून घ्यावी, कारण अनेक घरांतील एकमेव फोन कामावर गेलेला असतो.

सहल जवळची, पण नीट पाहिलेली

दूरच्या सहलीला खर्चामुळे वर्गातील काही मुले दरवर्षी मागे राहतात. त्यांनी ‘मला बरे नव्हते’ असे सांगितले तरी खरे कारण वर्गशिक्षकाला ठाऊक असते. म्हणून वर्षातून एक सहल अशी असावी की तिला सगळा वर्ग येऊ शकेल, आणि नाशिककरांना त्यासाठी फार शोधाशोध करावी लागत नाही.

त्रिरश्मी लेणी, ज्यांना आपण पांडवलेणी म्हणतो, शहरालगतच आहेत. तेथील चोवीस लेण्यांची धावती फेरी मारण्यापेक्षा दोनच लेणी नीट दाखवावीत. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याच्या पराक्रमाविषयी आईने कोरून घेतलेली ही प्रशस्ती आहे. दहाव्या लेण्यात त्याच काळातील त्याच्या प्रतिस्पर्ध्यांचे, नहपानाचा जावई उषवदात याचे, दानलेख आहेत. इतिहासाच्या पुस्तकातील दोन घराणी एकाच डोंगरावर मुलांच्या समोर उभी राहतात. आदल्या दिवशी वर्गात नकाशा काढून घ्यावा, आणि प्रत्येक गटाला एकच प्रश्न द्यावा, उदाहरणार्थ पाण्याची टाकी कोठे आहेत आणि तेथेच का. पायऱ्या पुष्कळ आहेत, तेव्हा दमा असलेल्या मुलांची माहिती पालकांकडून आधी घ्यावी.

डिसेंबर-जानेवारीत एसटीची गाडी करता आली तर निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर निवडावे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचे हे पाणथळ क्षेत्र २०२० साली रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आले, आणि महाराष्ट्रातील ते पहिले. पक्षी पाहायचे तर उजाडताना तेथे असावे लागते, म्हणून गाडी पहाटे काढावी. मुलांना गडद किंवा मातकट रंगाचे कपडे घालायला सांगावे आणि डबे निरीक्षण झाल्यावरच उघडावेत. शालेय सहलींना एसटी महामंडळ भाड्यात सवलत देते. त्यासाठी शाळेचे पत्र आणि मुलांची यादी आगारात लवकर द्यावी, कारण हिवाळ्यात सगळ्याच शाळांना गाड्या हव्या असतात. पालकांचे संमतीपत्र, प्रथमोपचाराची पेटी, मुली असतील तेथे शिक्षिका, आणि शिक्षण विभागाची परवानगी याशिवाय कोणतीही सहल काढू नये.

स्नेहसंमेलन

संमेलन जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यापलीकडे जाऊ देऊ नये, कारण पुढे दहावीच्या तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षा येतात. ३ जानेवारीची सावित्रीबाई फुले जयंती साधून ते ठेवले, तर बालिका दिनाचा कार्यक्रमही त्यात अर्थपूर्ण रीतीने बसतो.

नाचांची संख्या वाढवत नेण्याऐवजी प्रत्येक तुकडीला दहा-बारा मिनिटे द्यावीत आणि अट एकच ठेवावी की, तुकडीतील प्रत्येक मुलाला रंगमंचावर किंवा रंगमंचामागे नेमून दिलेले काम असेल. पडदा ओढणारा, वेशभूषेच्या पिशव्यांवर नावे लिहिणारी, पुढच्या तुकडीला दोन मिनिटे आधी आणून उभा करणारा, या सगळ्यांची नावे निवेदनात घ्यावीत. भाड्याच्या वेशभूषेवर मर्यादा घालावी. घरातील नऊवारी, धोतर, फेटा यांत पुष्कळ काही सुंदर होते. ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस ठाण्यातून आधी घ्यावी आणि कार्यक्रम रात्री आठपर्यंत संपवावा, म्हणजे मुलींना घरी जाताना अडचण होत नाही. जमाखर्च पावत्यांसह पंधरा दिवसांच्या आत पालक-शिक्षक संघापुढे ठेवावा.

२०२७ च्या उन्हाळ्यात पुढील वर्षाचा तक्ता करताना सिंहस्थ लक्षात ठेवावा लागेल. ऑगस्ट आणि सप्टेंबरमधील अमृतस्नानांच्या काळात पंचवटी, जुने नाशिक आणि त्र्यंबक रस्त्यावरील वाहतूक वळवली जाईल, त्यामुळे त्या दोन महिन्यांत आंतरशालेय स्पर्धा किंवा बाहेरचे पाहुणे न ठेवता वर्गातच होणारे उपक्रम घ्यावेत.

नावांची वही मात्र तीन वेळा उघडून पाहावी: गणेशोत्सवानंतर, दिवाळीनंतर आणि संमेलनाच्या भूमिका ठरवण्याआधी. ज्यांची ओळ कोरी आहे, त्यांना वर्गासमोर न विचारता बाजूला घेऊन ‘तुला काय करायला आवडेल’ असे विचारावे आणि उत्तर लगेच मिळाले नाही तर आठवडाभर थांबून पुन्हा विचारावे. एप्रिलअखेर निकालाच्या कामाबरोबर ही वही पुढच्या इयत्तेच्या वर्गशिक्षकाकडे सोपवावी, आणि अजूनही कोऱ्या राहिलेल्या नावांखाली पेन्सिलीने एक रेघ मारून ठेवावी, म्हणजे जूनच्या पहिल्या परिपाठासाठी नावे तेथूनच घेता येतील.