रात्री कॅमेरा जातो? आधी वायर मोजा

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातून सीसीटीव्हीसाठी फोन आला, "दिवसा कॅमेरा झकास चालतो ओ, रात्री चित्रच जातं. येताना नवीन कॅमेरा घेऊनच या." मी कॅमेरा नेला नाही, मल्टिमीटर नेला.

ॲनालॉग सिस्टीममध्ये वायरीतून चित्र जातं ते व्होल्टेजच्या चढउतारानं. आपल्याकडच्या जुन्या पाल या टीव्ही-चित्राच्या पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं, प्रत्येक चित्राच्या ६२५ ओळी, आणि एक ओळ ६४ मायक्रोसेकंदांत संपते. उजेड आला की व्होल्टेज चढतो, काळोख आला की उतरतो. दर ओळीच्या आधी व्होल्टेज काळ्याच्याही खाली जातो, तो सिंक. त्यावरून डीव्हीआरला (चित्र साठवणाऱ्या डब्याला) नवी ओळ सुरू झाल्याचं कळतं. हे सगळं मिळून एक व्होल्ट: चित्राला ०.७, सिंकला ०.३. डीव्हीआर तो व्होल्टेज मोजून त्याचे आकडे करतो आणि ते कमी जागेत दाबून बसवून हार्डडिस्कवर लिहितो. हल्लीचे एएचडी, टीव्हीआय, सीव्हीआय या जातींचे कॅमेरे कोॲक्स वायरीवरून (मधे एक तार, भोवती बारीक तारांची जाळी) जास्त बारीक चित्र पाठवतात, पण वायरीत ॲनालॉग सिग्नलच असतो. एवढ्याशा व्होल्टेजवर चित्र उभं असल्यामुळे वायर, जोड आणि सप्लाय यांतली खोट लगेच पडद्यावर दिसते.

आता त्या कारखान्याचं. एसएमपीएस, म्हणजे कॅमेऱ्याला बारा व्होल्ट देणारा सप्लाय, ऑफिसात, कॅमेरा शेडच्या पार टोकाला, मध्ये ६० मीटर थ्री प्लस वन वायर (एकाच आवरणात तीन साध्या तारा आणि एक व्हिडिओची कोॲक्स). तिच्यातली सप्लायची तार ०.२ चौरस मिलिमीटरची. जाऊन येऊन १२० मीटर तांबं, म्हणजे दहा ओहम रोध. दिवसा कॅमेरा थोडाच करंट ओढतो, म्हणून निभावतं. रात्री आयआर एलईडी (अंधारात बघण्यासाठीचे इन्फ्रारेड दिवे) लागले की करंट ०.४ अँपिअरवर जातो आणि चार व्होल्ट वायरीतच खर्च होतात. बारातले आठच उरले तर कॅमेरा बिचारा काय करणार? तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त वायर असेल तर याहून वाईट. म्हणून व्होल्टेज कॅमेऱ्याच्या टोकालाच मोजा, आणि कॅमेरा जोडलेला ठेवून मोजा. दिवसा मोजत असाल तर तळहातानं कॅमेऱ्याचं तोंड झाका म्हणजे आयआर लागेल. तिथं मी शेडमधल्याच लाइनवर, कॅमेऱ्याजवळ, एक ॲडॉप्टर बसवला. कॅमेरा जुनाच राहिला.

चित्र अजिबात नसेल आणि सप्लाय ठीक असेल, तर बीएनसी, म्हणजे व्हिडिओ वायरीच्या टोकाचा कनेक्टर, बघा. वायरीची दोन्ही टोकं काढा, मधली तार आणि जाळी यांच्यात मल्टिमीटरनं कंटिन्युइटी (दोन्ही एकमेकांना जोडलेले आहेत का) तपासा. बीप आला तर जाळीचा एखादा केस मधल्या तारेला टेकलाय. माझ्या कामात सगळ्यात जास्त सापडतं ते हेच. वस्तूंच्या उजवीकडे फिकट सावली दिसत असेल तर कुणीतरी वायर पिळून टेप मारलेला जोड शोधा. कॅमेरा, वायर, डीव्हीआर सगळं ७५ ओहमचं असतं. मध्ये तो आकडा मोडला की सिग्नल आपटून मागं फिरतो.

यंत्रमागाच्या शेडमध्ये अजून दोन गोष्टी लागतात. एक, व्हिडिओची वायर मोटारीच्या थ्री फेज केबलला चिकटवून कधीच ओढू नका. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. दोन, पडद्यावर आडवे काळपट पट्टे सावकाश सरकत असतील तर दोन ठिकाणच्या अर्थिंगमधल्या फरकाचा करंट जाळीतून वाहत असण्याची शक्यता मोठी. कॅमेरा लोखंडी खांबावरून सोडवून हातात धरा. पट्टे गेले तर खांब आणि कॅमेरा यांच्यामध्ये पीव्हीसीचा डबा बसवा, बीएनसीही लोखंडाला लागू देऊ नका.

आणि सुताचं तूस! आयआरचा उजेड काचेवरच्या तुसावर आपटून लेन्समध्ये शिरतो आणि रात्रीचं चित्र धुक्यासारखं पांढरं होतं. शेडमधल्या बाईंना मी मऊ फडकं देऊन ठेवलंय, दर आठवड्याला माग बंद असताना काच पुसायची. कोरडी घासायची नाही, आधी फुंकर किंवा ब्लोअर, मग ओलसर फडकं.