एक आकडा नको, तीन लिहा

"किती दिवसांत होईल?" असं विचारलं की तोंडातून सगळ्यात बरा आकडा निघतो, आणि मग रविवारी ऑफिस उघडावं लागतं. इंदूरला विजयनगरच्या आमच्या सॉफ्टवेअर टीममध्ये आता प्रत्येक कामाचे तीन आकडे लिहितो:

१. सगळं सुरळीत गेलं तर किती दिवस
२. एरवी लागतात तेवढे (याला ४ ने गुणा)
३. सगळंच अडलं तर

तिन्हींची बेरीज करून ६ ने भागा. परवा ओटीपी लॉगिनचं काम होतं: २, ४ आणि १२ दिवस. २ + १६ + १२ = ३०, म्हणजे ५ दिवस. पण १२ कुठून आले हे विचारलंच पाहिजे. खरा फायदा तिथेच आहे. एसएमएस टेम्प्लेटची डीएलटी नोंदणी (ओटीपीच्या मेसेजचा मजकूर टेलिकॉम कंपन्यांकडून आधी मंजूर करून घेणं) अडकायची भीती होती, म्हणून तो अर्ज पहिल्याच दिवशी भरला.

आकडे प्रत्येकाने आपापल्या कागदावर लिहावेत. सीनियर आधी बोलला की सगळे त्याच्याच आकड्याभोवती गोळा होतात.

एक जपा: हे ५ दिवस निव्वळ कामाचे. क्लायंटला तारीख देताना रंगपंचमीच्या गेरची (रंगांच्या मिरवणुकीची) सुट्टी, मीटिंगा, जुने बग वेगळे धरा.