नव्या समुद्री टाकीतील शेवाळ : सायकलिंगच्या काळात काय करावे, काय टाळावे

खाऱ्या पाण्याची नवी टाकी भरल्यावर साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पांढऱ्या वाळूवर तपकिरी थर चढू लागतो, पाठोपाठ काचेवर हिरवी झाक येते, आणि नेमक्या याच वेळी अनेक जण शेवाळनाशक औषध आणून पाण्यात ओततात. सायकलिंग, म्हणजे टाकीत उपयुक्त जिवाणूंची वसाहत तयार होऊ देण्याचा सुरुवातीचा काळ, पूर्ण होईपर्यंत असे कोणतेही औषध वापरू नये. या चार ते सहा आठवड्यांत टाकीत एकच महत्त्वाचे काम चाललेले असते : नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, नायट्रोस्पायरासारखे जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि हे दोन्ही प्रकारचे जिवाणू खडकावर, वाळूवर व फिल्टरमध्ये अगदी सावकाश वाढतात. औषधाने मेलेले शेवाळ तिथेच कुजून पुन्हा अमोनिया व फॉस्फेट सोडते, म्हणजे नव्या शेवाळाचे खाद्य आपणच तयार करून ठेवतो. शेवाळाला प्रकाश आणि खाद्य मिळू न देणे हाच खरा उपाय आहे, आणि त्याची तयारी पाणी भरण्याआधीच करावी लागते.

यातली प्रकाशाची बाजू सर्वांत सोपी आहे. जिवाणूंना उजेडाची गरज नसते; उलट प्रखर प्रकाशात त्यांची वाढ मंदावते. म्हणून सायकलिंग संपेपर्यंत टाकीचा दिवा बंद ठेवावा आणि टाकी खिडकीसमोर असेल तर काचेवर जाड कागद किंवा कापड लावावे. याचा आणखी एक फायदा सहसा ध्यानात घेतला जात नाही. शेवाळही अमोनिया शोषून घेते, त्यामुळे दिवा चालू असलेल्या टाकीत टेस्ट किटवर अमोनिया उतरलेला दिसला, तरी तो जिवाणूंनी संपवला की शेवाळाने, हे कळायला मार्ग राहत नाही. अंधाऱ्या टाकीतला आकडा अधिक विश्वासार्ह असतो.

पाण्याबाबत मात्र थोडे खोलात जायला हवे. तपकिरी थर बहुधा डायटम या सूक्ष्म, एकपेशीय शेवाळाचा असतो, आणि डायटमला आपले कवच बांधण्यासाठी सिलिका लागते. नळाच्या व बोअरवेलच्या पाण्यात ती कमी-अधिक असतेच; महाराष्ट्राच्या बऱ्याच मोठ्या भागात खाली बेसॉल्टचा खडक आहे, आणि तो झिजताना भूजलात सिलिका विरघळते. स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्राचे पाणी वापरले की प्रश्न मिटला, असा समज दिसतो, पण पिण्याच्या पाण्याला चव राहावी म्हणून बहुतेक घरगुती यंत्रांत मूळ पाणी थोडे मिसळण्याची किंवा क्षार परत घालण्याची सोय केलेली असते. मत्स्यालयासाठी आरओनंतर डीआय रेझिनमधून, म्हणजे उरलेसुरले क्षार टिपणाऱ्या दाण्यांमधून गेलेले, आणि टीडीएस मीटरवर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरवर, शून्य दाखवणारे पाणी हवे. तरीही मीटरवर पूर्ण विसंबू नये, कारण सिलिका पाण्यात जवळजवळ विद्युतभाररहित रूपात असल्याने मीटर तिची नीट दखल घेत नाही, आणि रेझिन संपत आले की सर्वांत आधी सिलिकाच निसटू लागते. रेझिनचा रंग पालटू लागताच ते बदलावे, आकडा वाढण्याची वाट पाहू नये. बाष्पीभवनाने कमी झालेली पातळी भरतानाही हेच शुद्ध गोडे पाणी घालावे. मीठ उडून जात नसल्याने त्या जागी खारे पाणी घातले तर क्षारता वाढत जाते, आणि नळाचे घातले तर सिलिका व फॉस्फेट दर खेपेला साचत जातात. क्षारता हजारी 35 भाग, म्हणजे विशिष्ट गुरुत्व सुमारे 1.026, इतकी राखावी.

मुंबईत किंवा कोकणात राहणाऱ्यांना समुद्राचेच पाणी भरून आणण्याचा मोह होणे साहजिक आहे. पण किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाण्यातून व खाड्यांतून आलेली पोषकद्रव्ये असतात, आणि पावसाळ्यात त्याची क्षारताही बरीच उतरते. माझ्या मते नव्या टाकीला शुद्ध पाण्यात विरघळवलेले मत्स्यालयाचे मीठच योग्य.

खडकाच्या बाबतीत आपल्याकडे कायद्याचाही प्रश्न आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली पाषाणी प्रवाळांना संरक्षण आहे, त्यामुळे समुद्रातून प्रवाळाचे तुकडे आणू नयेत. कोरडा किंवा सिरॅमिक खडक घ्यावा. कोरड्या खडकात जुने फॉस्फेट अडकलेले असू शकते आणि ते हळूहळू पाण्यात उतरते. म्हणून खडक आधी झाकणबंद पिंपात खाऱ्या पाण्यात काही आठवडे ठेवावा, पाणी खेळते राहील असा छोटा पंप लावावा, आणि फॉस्फेट मोजत पाणी बदलत राहावे. सायकलिंगसाठी कच्ची कोळंबी टाकून ती कुजू देण्याची जुनी रीत आहे. तिने अमोनिया मिळतो, पण त्यासोबत फॉस्फेटही येते. त्यापेक्षा शुद्ध अमोनियम क्लोराइड बरे : 100 लिटर पाण्याला सुमारे 0.6 ग्रॅम घातले की अमोनिया 2 पीपीएमच्या (दशलक्षात 2 भागांच्या) आसपास येतो. 5 पीपीएमच्या वर तो जाऊ देऊ नये, कारण तेवढ्या प्रमाणात जिवाणूंचेच काम अडते. बाजारातला नवसागर म्हणजे हेच रसायन, पण तो शुद्धतेची खात्री नसल्याने वापरू नये.

इतके करूनही शेवाळ आलेच, तर हात घालण्याआधी ते कोणते आहे हे ओळखावे. बोट फिरवताच भुकटीसारखा उडणारा तपकिरी थर डायटमचा. पाण्यातली सिलिका संपली की तो आपोआप ओसरतो, तोवर काच पुसणे आणि पाणी बदलताना वाळूचा वरचा थर सायफनने ओढून घेणे पुरेसे असते. हिरवे, केसांसारखे शेवाळ हाताने उपटावे; खडक बाहेर काढावा लागला तर टाकीतलेच पाणी बादलीत घेऊन त्यात टूथब्रशने घासावा, नळाखाली धरू नये, कारण क्लोरीनमुळे त्यावरचे जिवाणू मरतात. लालसर-जांभळी, सायीसारखी उचलली जाणारी चादर दिसली तर ते शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशावर जगणारे जिवाणू आहेत. जिथे पाणी साचून राहते तिथे ते पसरतात, म्हणून आधी चादर सायफनने काढावी आणि मग पॉवरहेडची, म्हणजे टाकीतले पाणी खेळवणाऱ्या पंपाची, दिशा बदलून त्या कोपऱ्यात प्रवाह पोहोचवावा. त्यांच्यावर एरिथ्रोमायसिन वापरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पण ते प्रतिजैविक आहे, आणि जिवाणू वाढवण्याच्याच काळात ते टाकीत घालणे मला सर्वथा अयोग्य वाटते.

सर्वांत चिवट प्रकार डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय सूक्ष्मजीवांचा. हे तपकिरी, शेंबडासारखे तंतू असतात, त्यांत हवेचे बुडबुडे अडकलेले दिसतात, आणि रात्री ते विरळ होऊन दिवसा पुन्हा दाट होतात. शंका असेल तर थोडा नमुना टाकीच्या पाण्यात जोरात हलवून कॉफीच्या गाळणकागदातून गाळावा आणि ते पाणी तासभर उजेडात ठेवावे. त्यात पुन्हा तंतू जमले, तर हेच असण्याची शक्यता बळावते. नायट्रेट व फॉस्फेट दोन्ही शून्यावर गेलेल्या टाकीत हे हमखास डोके वर काढतात. म्हणून फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त दाणे भीतीपोटी भरमसाट वापरू नयेत. नायट्रेट 2 ते 10 पीपीएम आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम असू द्यावे. इतर शेवाळ आणि जिवाणू जगले, तरच डायनोफ्लॅजेलेटना जागेसाठी झगडावे लागते.

अमोनियाची 2 पीपीएमची मात्रा चोवीस तासांत शून्यावर आली आणि नायट्राइटही शून्य दिसले, की सायकल पूर्ण झाली असे समजावे. त्याआधी नायट्रेटच्या आकड्याला फारसे महत्त्व देऊ नये, कारण पाण्यात नायट्राइट असेपर्यंत ही चाचणी फुगवलेला आकडा दाखवते. सायकल पूर्ण झाल्यावर मोठ्या प्रमाणात पाणी बदलून नायट्रेट 10 पीपीएमच्या खाली आणावे, आणि मग दिवा रोज पाच-सहा तासांपासून सुरू करून काही आठवड्यांत हळूहळू वाढवावा. काचेवर हिरवा थर दिसू लागल्यावरच ट्रोकस किंवा सेरिथ जातीच्या गोगलगायी आणाव्यात, त्याआधी नाही. 100 लिटरला सुरुवातीस चार-पाच पुरतात. क्षारतेतला अचानक बदल त्यांना सोसत नाही, म्हणून टाकीचे पाणी थेंबाथेंबाने मिसळत त्यांना सवय करून द्यावी. काच स्वच्छ होत आली की त्या उपाशी मरू नयेत म्हणून वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा छोटा तुकडा खडकाला अडकवून ठेवावा आणि उरलेला भाग दुसऱ्या दिवशी काढून टाकावा.