पांदणीतल्या शंखी गोगलगायी वेचायच्या कशा

२०२२च्या खरिपात आमचं सोयाबीन नुकतं दोन पानांवर आलं होतं. आठवड्यात गोगलगायींनी ते साफ केलं. दुबार पेरलं, त्यातलंही अर्धं गेलं. आमच्या औसा तालुक्यातल्या शिवारात जो तो आपापल्या रानात गोगलगायी मारायच्या विषारी गोळ्या टाकत होता. एका रात्री मी बॅटरी घेऊन धुऱ्यानं चालत पांदणीपर्यंत, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटेपर्यंत गेले, तेव्हा समजलं त्या येतात कुठून. वेड्या बाभळीच्या बुडाला, गाजर गवतात, दगडांच्या ढिगावर, पाय ठेवायला जागा नव्हती. पांदण कुणाच्या सातबाऱ्यावर नाही, म्हणून तिथं कुणी वेचतच नव्हतं. रान कितीही साफ करा, पांदण तशीच ठेवली तर चार रात्रींत पुन्हा भरतं.

ही गोगलगाय आपल्या मातीतली नाही. मूळची पूर्व आफ्रिकेची, १८४७ साली कोलकात्यात आणून सोडली आणि तिथून देशभर पसरली. शंख निमुळता, बोटाएवढा लांब, तपकिरी, त्यावर गडद पट्टे. चपट्या गोल शंखाच्या लहान गोगलगायी वेगळ्या, त्यांना मारू नका. हिच्यात नर आणि मादी एकाच अंगात असतात, त्यामुळं प्रत्येकीला अंडी होतात, एका वेळी शंभराच्या वर.

खरं काम मे महिन्यातलं. तेव्हा त्या दगडाखाली, पालापाचोळ्यात, मातीत झोपलेल्या असतात. माणसांना वाटतं, नुसते रिकामे शंख पडलेत. शंख उचलून बघा. रिकामा हलका लागतो. जिवंत असेल तर वजन लागतं आणि तोंडावर वाळलेला पांढरा पापुद्रा दिसतो. असा एक जिवंत शंख गोळा केला की पावसाळ्यातल्या शेकडो कमी झाल्या. त्याच वेळी गाजर गवत उपटा, दगडांचे ढीग हलवा.

मृगाचा पहिला पाऊस पडला की गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी पांदणीच्या दोन्ही कडेला, वीस-पंचवीस पावलांवर एक अशी अंथरा. पहाटे ऊन यायच्या आत उलटून बघा, खाली गोळा झालेल्या असतात. दिवस उगवला की त्या दडतात, मग हाती लागत नाहीत. वेचताना हातमोजे घाला, नसतील तर प्लॅस्टिकची पिशवी हाताला बांधा. हिच्या अंगात उंदराच्या फुप्फुसातली कृमी असू शकते आणि ती माणसाच्या मेंदूपर्यंत जाते. लेकरांना शंख खेळायला देऊ नका. शेतातली भाजी कच्ची खाण्याआधी नीट धुवा.

वेचलेल्या गोगलगायी मिठाच्या किंवा साबणाच्या दाट पाण्यात बादलीत बुडवा. मग विहिरीपासून, ओढ्यापासून लांब, दोन फूट खड्ड्यात चुना टाकून पुरा. मीठ मात्र पांदणीच्या मातीवर फेकू नका, ती माती खराब होते. उकरताना ज्वारीच्या दाण्याहून मोठी, पिवळसर पांढरी अंडी पुंजक्यानं दिसली तर तीही बादलीत टाका.

मेटाल्डिहाइडच्या, म्हणजे त्याच विषारी गोळ्या पांदणीत आणि गायरानात टाकू नका, हे मी हात जोडून सांगते. भावकीतल्या एका घरचा कुत्रा त्या खाऊन तडफडत गेला, मी डोळ्यांनी पाहिला. वाटेनं शेळ्या चरत जातात, मोर उतरतात. गोळ्या टाकायच्याच असतील तर फक्त स्वतःच्या रानात, जनावरं बांधून, कृषी सहायकाला विचारून. ट्रॅक्टर, रोटाव्हेटर दुसऱ्या शिवारातून आला की चाकाची माती तिथंच झाडून घ्या. अंडी मातीतूनच प्रवास करतात.

एकट्यानं हे होत नाही. आम्ही बचत गटातल्या सात जणींनी पांदणीचे सात तुकडे पाडले, प्रत्येकीचा तुकडा ठरलेला. पहिल्या पहाटे माझ्या वाट्याला दोन बादल्या भरल्या होत्या, पंधराव्या पहाटे अर्धी बादली. पांदण शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत जाते. तिथल्या बायांकडं परवा जाऊन आले. मृगाआधी त्याही दगड उलटणार आहेत.