माळ्यावरच्या व्हॉल्व्ह रेडिओवर मोबाइलची गाणी कशी वाजवावी

नागपुरात महाल भागातल्या एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर अजूनही व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा रेडिओ सापडतो. स्टेशन लागत नसलं तरी त्याचा आवाजाचा भाग ठणठणीत असू शकतो. मागे ‘पी. यू.’ (पिक-अप) लिहिलेली दोन भोकं ग्रामोफोनसाठी असायची. तिथूनच मोबाइल वाजवायचा. पण प्लग खुपसायची घाई नको.

आधी मागचा पुठ्ठा काढून व्हॉल्व्हची नावं वाचा. ईसीएच ८१, ईएल ८४ अशी ‘ई’ची मंडळी असतील तर त्यांचे हीटर ६.३ व्होल्टचे आणि बहुधा सेटमध्ये ट्रान्सफॉर्मर. यूएल ८४, यूवाय ८५ अशी ‘यू’ची असतील तर हीटर एकामागे एक जोडून थेट मेन्सवर चालतात, आणि प्लग उलटा बसला की चासीवरच, म्हणजे धातूच्या सांगाड्यावरच २३० व्होल्ट! त्याला मोबाइल जोडायचाच नाही, सेट शोकेसमध्ये ठेवा. ‘ई’ दिसला तरी खात्री करा: प्लग भिंतीतून बाहेर, रेडिओचं बटण चालू, आणि मल्टीमीटरने प्लगच्या पिना व चासी यांच्यात कुठेही जोड दिसता कामा नये.

आता काचेच्या आत काय चालतं ते. हीटर कॅथोडला तापवतो, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि २५० व्होल्टची प्लेट त्यांना ओढते. मध्ये तारेची जाळी, म्हणजे ग्रिड. कॅथोडच्या मानाने काही व्होल्ट ऋण. वस्तीत पाणी सोडणारा माणूस चावी फिरवतो ना, तसंच. पाणी टाकीचं, चावी फक्त कमी-जास्त करते. गाण्याचा इवलासा सिग्नल ग्रिड हलवतो, ताकद मात्र त्या २५० व्होल्टची. ईएल ८४ मधून जातात जेमतेम ४८ मिलिअँपिअर. स्पीकरला हवा याच्या उलट, कमी व्होल्ट आणि जास्त करंट. ते आउटपुट ट्रान्सफॉर्मर जुळवतो. स्पीकर नसला की त्यातले व्होल्ट उसळून तो जळू शकतो, म्हणून स्पीकरच्या तारा काढून सेट कधीच चालवू नका.

खरा चोर आहे ईएल ८४ च्या ग्रिडला जोडलेला कागदी कंडेन्सर. त्याने गाणं पुढे सोडायचं आणि आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटचं डीसी अडवायचं. म्हातारपणी तो झिरपतो, ग्रिडचा ऋणपणा जातो, करंट मोकाट सुटतो आणि प्लेट लालबुंद होते. मी पहिल्यांदा व्हॉल्व्हलाच दोष दिला. नवा आणला, तोही लाल! त्यामुळे सुरू करण्याआधीच हा कंडेन्सर बदला. त्यावर लिहिलेल्याच क्षमतेचा, साधारण ०.०२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा फिल्म कंडेन्सर चालतो. व्हॉल्व्ह मात्र उगाच बदलू नका. काचेच्या आतला चंदेरी डाग पांढरा पडला असेल तरच, कारण मग आत हवा शिरलेली असते.

पहिल्यांदा वीज ६० वॅटच्या सिरीज बल्बमधून, म्हणजे मेन्सच्या एका तारेत मध्येच जोडलेल्या जुन्या फिलामेंटच्या बल्बमधून द्या. बल्ब आधी भगभगून मग मंद झाला तर ठीक. तसाच जळत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद. पुढे मीटरचा काळा वायर चासीला क्लिप करून, एक हात खिशात ठेवून पाहा: ईएल ८४ च्या पिन २ वर जवळपास शून्य, पिन ३ वर बल्ब काढल्यावर सातेक व्होल्ट. बंद केल्यावरही वीज साठवणारे मोठे फिल्टर कंडेन्सर झटका देतात. त्यांच्यावर १० किलो-ओहम, ५ वॅटचा रेझिस्टन्स इन्सुलेटेड क्लिपांनी काही सेकंद लावा, आणि मीटर शून्य दाखवेपर्यंत बोट लावू नका. हे हाताला नवं असेल तर सरळ जाणत्या मेकॅनिकला शेजारी बसवा, तर्री-पोह्यांत काम होतं.

शेवटी मोबाइलच्या डाव्या-उजव्या तारा एकेक किलो-ओहमच्या रेझिस्टन्समधून एकत्र करून पी. यू.ला द्या. आवाज अगदी खालून वाढवा. हीटर तापेपर्यंत अर्धा मिनिट काहीच येत नाही. मे महिन्यात सेट भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा, कूलरच्या ओल्या झोतासमोर तर मुळीच नको. गाण्याखाली सतत घुंऽऽ येत असेल तर फिल्टर कंडेन्सर थकलेत, तेही बदला.